‘इथला’ कोण? अमेरिकेतल्या इन-स्टेट फीचं गणित

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाची फी किती, या प्रश्नाला एक उत्तर नसतं, दोन असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे कॅम्पसवर, २०२४-२५ साली पदवीच्या पहिल्या वर्षाला राज्यातल्या विद्यार्थ्याची मूळ फी साधारण १४ हजार डॉलर होती. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला तेवढी फी भरून वर आणखी ३४,२०० डॉलर मोजावे लागत होते. चार वर्षांत हा फरक १,३६,८०० डॉलरचा, म्हणजे रुपयांत कोटीच्या पलीकडे जातो. मिशिगन विद्यापीठात तर राज्यातल्यांना सुमारे १८ हजार आणि बाहेरच्यांना ६० हजारांच्या वर असा हिशेब होता. देशभरातल्या चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांची कॉलेज बोर्डाने काढलेली त्या वर्षीची सरासरी राज्यातल्यांसाठी ११,६१० आणि बाहेरच्यांसाठी ३०,७८० डॉलर होती. प्राध्यापक, प्रयोगशाळा, पदवी सगळं तेच. फरक पडतो तो विद्यापीठाने तुम्हाला ‘इथले’ मानलं की नाही यावर.

ते मानणं कशावर ठरतं, याबद्दल इकडे आणि तिकडेही बरेच गैरसमज आहेत. ‘मावशी टेक्सासला असते, तिच्या पत्त्यावर अर्ज केला की झालं’, ‘एक वर्ष राहिलं की आपोआप रेसिडेन्सी मिळते’, ‘लायसन्स काढलं की पुरे’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. तिन्ही चूक आहेत, आणि तिन्हींच्या चुकीमागचं कारण एकच आहे. विद्यापीठ केवळ दिवस मोजत नाही. तुम्ही या राज्यात कशासाठी आलात, हे ते तपासतं. बाकी सगळे नियम, मुदती आणि कागदपत्रं याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

दोन दर आले कुठून?

अमेरिकेत केंद्र सरकारचं असं सार्वजनिक विद्यापीठ सहसा नसतं. ती राज्यांची असतात. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. पुढे ती चालवली राज्यांच्या तिजोरीने. १८६८ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मूळ कायद्यातच, राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण मोफत द्यायचं धोरण होतं. आईबापांनी वर्षानुवर्षं राज्याला कर भरला, त्यातून विद्यापीठ चाललं, म्हणून त्यांच्या मुलांना सवलत. शेजारच्या राज्यातल्याने हा कर भरलेला नाही, त्याने पूर्ण खर्च द्यावा. सोसायटीच्या हॉलचं भाडं सभासदाला कमी आणि बाहेरच्याला जास्त असतं, तसाच हा न्याय.

२००८ च्या मंदीनंतर या व्यवहाराला वेगळाच रंग चढला. राज्यांनी विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावली आणि विद्यापीठांना बाहेरचा विद्यार्थी म्हणजे दुप्पट-तिप्पट पैसे देणारा ग्राहक दिसू लागला. अशा विद्यार्थ्यांची संख्या वाढली तशी स्थानिक पालकांची ओरडही वाढली. शेवटी २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाला पदवीच्या वर्गांतल्या बाहेरच्या विद्यार्थ्यांवर मर्यादा घालावी लागली. बहुतेक कॅम्पसवर ती १८ टक्के आहे. जी कॅम्पस आधीच त्या आकड्याच्या पुढे होती, त्यांचं प्रमाण होतं तिथे गोठवलं गेलं. नॉर्थ कॅरोलिनाने अशी १८ टक्क्यांची मर्यादा त्याच्या कितीतरी आधीच घातली होती. म्हणजे एकीकडे बाहेरच्यांच्या पैशाची गरज आणि दुसरीकडे राज्यातल्या मतदाराचा दबाव, अशा कात्रीत विद्यापीठं सापडलेली असतात. म्हणूनच ‘मी इथलाच’ असं म्हणणाऱ्याकडे रेसिडेन्सी ऑफिस डोळ्यांत तेल घालून बघतं.

न्यायालयांनी आखलेली रेघ

असा भेदभाव घटनेत बसतो का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा गेला. मिनेसोटाने सवलतीसाठी एक वर्ष राहण्याची अट घातली होती. १९७१ साली न्यायालयाने ती कायम ठेवली. आजही बहुतेक राज्यांत जी बारा महिन्यांची अट दिसते, ती या निकालाच्या आधारावर उभी आहे.

त्याच्या दोनच वर्षांनंतरचा ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ हा खटला मात्र तपशिलात बघण्यासारखा आहे. कनेक्टिकटच्या कायद्यात असं कलम होतं, की अर्ज करताना ज्या विवाहित विद्यार्थ्याचा पत्ता राज्याबाहेरचा असेल, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच राहील. क्लाइन या विद्यार्थिनीने अर्ज केला तेव्हा ती कॅलिफोर्नियात शिकत होती. पुढे तिने कनेक्टिकटच्याच मुलाशी लग्न केलं, तिथे घर केलं, तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, गाडी तिथे नोंदवली, मतदार यादीत नाव घातलं. एवढं करूनही विद्यापीठ तिला बाहेरचीच धरत राहिलं, कारण अर्जावरचा पत्ता कॅलिफोर्नियाचा होता. न्यायालयाने १९७३ साली हे कलम रद्द केलं. राज्य जास्त फी घेऊ शकतं, पुरावाही मागू शकतं. पण पुरावा ऐकूनच न घेणं चालणार नाही, असं त्या निकालाचं सार आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आज फेरवर्गीकरणाचा अर्ज आणि त्यावर अपील असतं, त्याचं मूळ इथे आहे.

पुढे १९९९ साली ‘सेन्झ विरुद्ध रो’ या खटल्यात, नव्याने राज्यात आलेल्यांना सरकारी मदत कमी देणारा कॅलिफोर्नियाचा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तो निकाल देतानाही कॉलेजच्या शिक्षणाची गोष्ट न्यायालयाने बाजूला ठेवली. गरिबाला मिळणारी मदत तिथेच खर्च होते. पदवी मात्र घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या राज्यात परत जाऊ शकतो. जे सोबत नेता येतं, ते देण्याआधी राज्याने थोडं थांबून खात्री करून घेतली तर चूक नाही, असा त्यामागचा विचार आहे.

हा वाद आपल्याकडेही झाला आहे, आणि तोही अमेरिकेतल्या या खटल्यांच्या आधी. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या विद्यार्थ्यांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना १,३०० ते १,५०० रुपये पडत. दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिलं. राज्यघटनेने जन्मस्थानावरून भेद करायला मनाई केली आहे, रहिवासावरून नाही, असं म्हणत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली ती फी बहुमताने वैध ठरवली.

अंग आणि इरादा

अमेरिकेत रेसिडेन्सीला दोन पाय असतात. पहिला, तुम्ही अंगाने त्या राज्यात असणं. दुसरा, तिथेच कायम राहायचा इरादा असणं. बहुतेक राज्यांत दोन्ही एकाच वेळी आणि ठरलेल्या तारखेच्या आधी किमान बारा महिने असावे लागतात. ही तारीख कॅलिफोर्नियात सत्र सुरू होण्याशी आणि टेक्सासमध्ये पटनोंदणीच्या अधिकृत दिवसाशी बांधलेली असते. तिच्यात आठवड्याभराचा फरक पडला तरी अख्ख्या सत्राची सवलत हुकते.

अंग दाखवणं सोपं आहे. खरी गोम इराद्यात आहे, कारण मनातलं कुणाला दिसत नाही. म्हणून विद्यापीठ मनाच्या खुणा शोधतं. व्हर्जिनियाच्या कायद्यात या खुणांची यादीच दिली आहे: सलग वास्तव्य, राज्याचा आयकर कुठे भरला, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदार नोंदणी, नोकरी, मालमत्ता, पैसा कुठून येतो, पदवीनंतरची नोकरी राज्यात पक्की झाली आहे का, आणि बाकीचे सामाजिक-आर्थिक संबंध. यातल्या एकाही कागदाने काम होत नाही. सगळे मिळून एकच गोष्ट सांगत असतील तरच काम होतं. आणि फक्त शिकण्यासाठी राज्यात आलेल्याकडे हे सगळे कागद असले, तरी त्याचं पारडं हलकंच राहतं.

अधिकाऱ्याची नजर कुठे जाते, याचा एक नमुना बघा. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स आणि वीस दिवसांत गाडीची नोंदणी करावी, असा तिथला नियम आहे. टेक्सासमध्ये यासाठी नव्वद आणि तीस दिवस मिळतात. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाने लायसन्स पुढच्या मार्चमध्ये काढलं असेल, तर इराद्याचं घड्याळ ऑगस्टला सुरू झालं हे पटवणं अवघड जातं. तसंच करविवरणाचं. कॅलिफोर्नियाच्या पूर्ण वर्षाच्या रहिवाशाने फॉर्म ५४० भरायचा असतो. अर्धवट वर्षाच्या किंवा बाहेरच्या माणसाने ५४०एनआर. तुमच्या वतीने कुणी घाईत ५४०एनआर भरला असेल, तर त्या वर्षी तुम्ही स्वतःच सरकारला ‘मी पूर्ण वर्ष इथला नव्हतो’ असं लिहून दिलेलं असतं. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत व्यक्तीच्या पगारावर राज्याचा आयकरच नाही, त्यामुळे तिथे हा पुरावा नसतोच. मग घराचा भाडेकरार, नोकरीची कागदपत्रं, शाळेचे दाखले यांच्यावर भर येतो.

मतदार नोंदणीबद्दल मात्र एक इशारा हवाच. ती खूण यादीत असली तरी ती अमेरिकी नागरिकांसाठी आहे. लायसन्स काढताना समोर आलेल्या फॉर्मवर मतदार नोंदणीची चौकट असते. व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसाने तिथे चुकून जरी खूण केली, तरी पुढे नागरिकत्वापर्यंत आणि देशातून बाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. फीच्या सवलतीसाठी हा धोका कुणीही पत्करू नये.

आईबाप कुठे आहेत?

पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा सगळा तपास मुलाचा होत नाही, आईबापांचा होतो. २४ वर्षांखालचा अविवाहित विद्यार्थी आईबापांवर अवलंबून आहे असं व्हर्जिनियासारखी राज्यं धरूनच चालतात, आणि मग आईबाप ज्या राज्याचे, तेच मुलाचं राज्य ठरतं. न्यू जर्सीतल्या पालकांचा मुलगा कॅलिफोर्नियात दोन वर्षं राहिला, तिथे अर्धवेळ कामही केलं, तरी त्याची फी आणि खर्च घरून येत असेल आणि पालक करविवरणात त्याला आपल्यावर अवलंबून दाखवत असतील, तर तो न्यू जर्सीचाच. स्वतःच्या पायावर उभा असल्याचं दाखवायचं असेल तर ते पगाराच्या कागदांनी आणि करविवरणाने सिद्ध करावं लागतं. घरून दर महिन्याला बँकेत पैसे येत असतील तर खातंच बोलतं.

मावशीच्या किंवा काकाच्या पत्त्याचा उपयोग होत नाही, तो याच कारणाने. नातेवाइकाकडे राहणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहुणा म्हणून राहणं. काही जण न्यायालयातून नातेवाइकाला कायदेशीर पालक करून घेतात. पण फी वाचवण्यापुरतं घेतलेलं पालकत्व बहुतेक ठिकाणी मान्य होत नाही. उन्हाळ्याची सुट्टी दुसऱ्या राज्यात आईबापांकडे काढणंही अनेकांना महागात पडतं, कारण बारा महिने सलग हवे असतात.

राज्याराज्यांत कडकपणा मात्र सारखा नाही. शिकायला आलेला माणूस मुळात बाहेरचाच, असं मिशिगन विद्यापीठ गृहीत धरतं, आणि ते खोडून काढायचं ओझं विद्यार्थ्यावर टाकतं. मिझुरी विद्यापीठात याउलट, सलग बारा महिने राज्यात राहून किमान २,००० डॉलरची करपात्र कमाई दाखवली तर दुसऱ्या वर्षापासून राज्याची फी मिळवायची वाट नियमांतच आहे.

महाराष्ट्रात डोमिसाइल म्हटलं की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि तहसील कचेरीतून एक दाखला. तो सगळीकडे चालतो. अमेरिकेत असा सरकारी दाखला नाही. बहुतेक राज्यांत प्रत्येक विद्यापीठ राज्याचा नियम स्वतः लावतं, त्यामुळे एकाच राज्यात एका कॅम्पसने मान्य केलेलं दुसरा कॅम्पस पुन्हा तपासू शकतो.

व्हिसाची मेख

मराठी घरांना सर्वात जास्त झोंबणारा भाग हा आहे. भारतातून थेट शिकायला जाणारे विद्यार्थी एफ-१ व्हिसावर जातात. परदेशात आपलं घर आहे आणि ते सोडायचा इरादा नाही, हे दाखवल्यावरच तो व्हिसा मिळतो. कायद्याची भाषाच तशी आहे. ज्याने अमेरिकी दूतावासात ‘मी परत जाणार’ असं सांगितलं, त्याला ‘मी मिशिगनमध्ये कायम राहणार’ असं विद्यापीठाला सांगता येत नाही. म्हणून एफ-१ वरचा विद्यार्थी पाच वर्षं राहिला तरी सहसा बाहेरचाच राहतो.

एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांचं आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वरच्या जोडीदाराचं नि मुलांचं वेगळं आहे. त्यांनी कायम राहायचा विचार केला तरी व्हिसाला बाधा येत नाही. त्यामुळे कॅलिफोर्निया, टेक्सास यांच्यासह अनेक राज्यांत एच-४ वरची मुलं, बाकी अटी पूर्ण केल्या तर, राज्याची फी भरतात. १९८२ च्या ‘टोल विरुद्ध मोरेनो’ खटल्यात न्यायालयाने याच दिशेचा निकाल दिला होता. जागतिक बँकेसारख्या संस्थांत काम करणाऱ्यांच्या मुलांना मेरीलँड विद्यापीठ सरसकट बाहेरचं ठरवत होतं. त्यांच्या व्हिसाने अमेरिकेत कायम राहायला मनाई केलेली नाही, मग राज्याने ती दारं परस्पर बंद करू नयेत, असं न्यायालयाने म्हटलं.

पण एच-४ ला वयाची मर्यादा आहे. एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल आईबापांच्या व्हिसावर राहू शकत नाही. भारतात जन्मलेल्यांच्या नोकरीआधारित ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी आईबापांबरोबर गेलेलं मूल कॉलेजात पोचतं तरी घराचा नंबर लागलेला नसतो. मग ते एफ-१ घेतं, आणि कागदोपत्री त्याच क्षणी परत जायचा इरादा जाहीर करतं. बालवाडीपासून त्याच राज्यात शिकलेला, तिथल्याच शाळेच्या संघातून खेळलेला मुलगा तिसऱ्या वर्षात एकदम परदेशी विद्यार्थी ठरू शकतो आणि फी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज दाखल झालेला असेल तर टेक्साससारखी राज्यं तो ग्राह्य धरतात. म्हणून आईबापांच्या अर्जाची तारीख आणि मुलाचा एकविसावा वाढदिवस यांचा मेळ घरात खूप आधी घालायला हवा.

इथे नियमांचा पीळ स्पष्ट दिसतो. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं, की बेकायदा राहणाऱ्यांना रहिवासावरून सवलत द्यायची तर तीच सवलत देशातल्या प्रत्येक नागरिकाला द्या. २००१ साली टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने यावर तोड काढली. कॅलिफोर्नियाने रहिवासाऐवजी शाळा मोजली: राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षं शिकून पास झालेला कुणीही, दुसऱ्या राज्यात राहणारा अमेरिकी नागरिकसुद्धा, पात्र. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ते मान्य केलं. पण त्या मूळ कायद्यातून तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना वगळलं होतं. कायदेशीर कागद हातात असणं हीच अडचण ठरली! हा वाद अजून मिटलेला नाही. २०२५ साली फ्लोरिडाने आपली सवलत मागे घेतली, आणि केंद्राने केलेल्या दाव्यानंतर टेक्सासचा कायदाही न्यायालयात रद्द झाला.

कायद्यातल्याच दुसऱ्या वाटा

रेसिडेन्सी न मिळताही कमी फी भरायच्या वाटा आहेत. एमएस करायला टेक्सासला गेलेल्या मुलांना त्यातली एक चांगली माहीत असते. टेक्सासच्या कायद्यानुसार, स्थानिक विद्यार्थ्यांसह सगळ्यांच्या स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती ज्याला मिळते, त्याला विद्यापीठ राज्याची फी लावू शकतं. शिष्यवृत्ती हजाराची, बचत त्याच्या कितीतरी पट. अर्धवेळ टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट झालेल्यांनाही टेक्सासमध्ये राज्याची फी लागते, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अनेक विद्यापीठं फीच माफ करतात.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक कुटुंबांसाठी राज्याराज्यांचे करार आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांच्या करारात शेजारच्या राज्याच्या फीच्या दीडपट दराने शिकता येतं. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांची अशी योजना १९५७ पासून चालू आहे, आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिन यांच्यातही परस्पर सवलत आहे. मात्र या यादीत प्रत्येक विद्यापीठ आणि प्रत्येक विषय नसतो. नामवंत विद्यापीठं बऱ्याचदा बाहेर राहतात.

प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारावं: आमचं वर्गीकरण काय झालं, कोणत्या कागदांवर झालं, आणि मुलाचा व्हिसा मध्येच बदलला तर काय होईल. उत्तर ईमेलने आलेलं असावं. फोनवरच्या आश्वासनाला पुढे कुणी जबाबदार नसतं. खोटा पत्ता दिल्याचं उघड झालं तर मागच्या सत्रांची फरकाची रक्कम वसूल होते आणि शिस्तभंगाची कारवाई होते ती वेगळीच. पात्र झालात तरी फी आपोआप कमी होत नाही. पहिल्या वर्षी लागलेला ‘बाहेरचा’ हा शिक्का मुदतीत अर्ज केल्याशिवाय पुसला जात नाही, आणि अर्जाच्या आधीच्या सत्रात जास्त भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.